खुडूक कोंबडीचं स्थलांतर

२०१९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गुरुवारी रात्री गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "भाई, तू उद्याच्या उद्या ये. अम्मा ऐकत नाही."

आमचं गावातलं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. गेल्या दोन पावसाळ्यांत मागची भिंत फुगून बाहेर आली होती. घर पाडायचं आणि त्याच जागेवर नवं बांधायचं, असं ठरलं होतं. गवंडी ठरला होता, विटा येऊन पडल्या होत्या, सोमवारी जेसीबी यायचा होता. तोवर राहायला शेजारच्या मावशींनी आपल्या दोन रिकाम्या खोल्या दिल्या होत्या. सगळं सामान तिकडे हललं. अम्मा तेवढी हलेना. कारण काय, तर मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात तिची कोंबडी अंड्यांवर बसली होती. बारा दिवस झाले होते. आणखी नऊ दिवस घराला हात लावायचा नाही, असं अम्माचं म्हणणं.

भाऊ वैतागला होता. "जेसीबीवाला आत्ता सोडला तर पुन्हा महिन्यानं मिळेल. एका कोंबडीपायी घर थांबवायचं का?"

मी म्हटलं, "त्यात काय, कोंबडी उचलून दुसरीकडे ठेवू."

तेवढ्यात पलीकडून अम्माचा आवाज आला. फोन तिनं भावाच्या हातातून घेतला असावा. "तू नको सांगू मेरेको. तेरेको याद नहीं क्या?"

मला चांगलंच आठवत होतं. पण ती आठवण सांगण्याआधी, ज्यांच्या दारात कधी कोंबड्या फिरल्या नाहीत त्यांच्यासाठी खुडूक कोंबडी म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं.

गावठी कोंबडी रोज किंवा दिवसाआड एक, अशी दहा-पंधरा अंडी घालते. मग एके दिवशी अंडी घालणं थांबवते आणि जागेवरून उठेनाशी होते. जवळ हात नेला की अंग फुगवते, पिसं उभी करते, घशातल्या घशात गुरगुरते, चोच मारते. दाणे टाकले तरी इतर कोंबड्यांसारखी धावत येत नाही. दिवसातून एकदा, फार तर पंधरा-वीस मिनिटं उठते. घाईघाईनं दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच भलीमोठी, वास मारणारी विष्ठा टाकते, धुळीत अंग घुसळते आणि पंख पसरून 'खुक् खुक्' करत परत जागेवर जाते. 'खुडूक' हा शब्दही तिच्या त्या आवाजातूनच निघाल्यासारखा वाटतो.

हे तिचं वेड नव्हे आणि हट्टही नव्हे. दिवस मोठा होऊ लागला, घरट्यात अंडी साठून ती पोटाला लागू लागली, की तिच्या मेंदूतल्या एका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक जास्त प्रमाणात सुटतं. बाळंतिणीला दूध येण्यासाठी जे लागतं, तेच हे. त्याच्यामुळे तिचं अंडी घालणं बंद होतं, भूक मंदावते, छातीखालची पिसं झडतात. तिथली कातडी उघडी पडते आणि रक्तानं गरम राहते. कोंबडीचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, साधारण ४१ अंश सेल्सियस. त्या उघड्या कातडीची ऊब अंड्याला थेट मिळते आणि अंड्याच्या आत सुमारे साडेसदतीस अंश तापमान टिकून राहतं. या उबेत २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. दिवसभरात ती चोचीनं अंडी कितीतरी वेळा उलटीपालटी करते. त्यामुळे आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटत नाही. अंडी उबवण्याची यंत्रं जे करतात, ते सगळं ती वीज नसताना करते.

पोल्ट्रीतल्या पांढऱ्या व्हाइट लेगहॉर्न कोंबडीतून माणसानं निवड करत करत हा गुण जवळजवळ काढून टाकला आहे. कारण साधं आहे. खुडूक कोंबडी अंडी देत नाही आणि अंड्यांच्या धंद्यात तिचे ते दिवस फुकट जातात. गावठी कोंबडीनं मात्र हा गुण जपला. म्हणूनच ज्या घरी यंत्र नाही, त्या घरी आजही तिच्याखाली दुसऱ्या जातीच्या कोंबड्यांची, अगदी बदकांचीही अंडी ठेवली जातात.

आता ती आठवण. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या परड्यात जळणाच्या ढिगाआड एक कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती. ती जागा मला पसंत नव्हती. वर छप्पर नाही, खाली माती, बाजूला काटक्या. मी दुकानातून चहाचं रिकामं खोकं मागून आणलं, त्यात स्वच्छ पिंजर घातली, सोप्यात छान सावलीत ठेवलं. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बारा वाजता एकेक अंडं नेऊन त्यात मांडलं आणि कोंबडी उचलून वर ठेवली. ती बसली. मी मोठ्या अभिमानानं खेळायला गेलो.

दिवेलागणीला अम्मा शेतातून आली. खोक्यात अकरा अंडी थंडगार पडलेली. कोंबडी कुठं? ती जळणाच्या ढिगाआड होती. तिच्या त्या जुन्या खळग्यात, मोकळ्या मातीवर पंख पसरून ती तशीच बसली होती. खाली एकही अंडं नव्हतं.

अम्मानं मला मारलं नाही. अंडी ओट्यात घेऊन ती गेली आणि एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. मग म्हणाली, "ती अंड्यावर बसत नाही बाबा, जागेवर बसते." एकविसाव्या दिवशी दोनच पिल्लं निघाली. त्या पिल्लांच्या जिवावर अम्मानं माझ्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाचा काही खर्च धरला होता, हे मला फार पुढं कळलं. मावशींकडून उसने घेतले होते, तेही तेव्हाच कळलं.

अम्माचं ते वाक्य शास्त्राच्या कसोटीलाही उतरतं. कोन्राड लोरेंझ आणि निको टिनबर्गन या दोन शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये जंगली हंसांवरचं एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. घरट्याबाहेर घरंगळलेलं अंडं हंसी चोचीखाली धरून हळूहळू आत ओढते. पण ती ओढू लागल्यावर मध्येच अंडं काढून घेतलं, तरी तिची मान ओढण्याची क्रिया पुरी करूनच थांबते. अंड्यासारखी दुसरी वस्तू ठेवली तर तीही ती आत ओढते. पुढे १९७३ मध्ये या दोघांना कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचं असंच असतं. आपलं अंडं कोणतं हे कोंबडीला फारसं कळत नाही. गुळगुळीत दगड ठेवला तर त्यावरही ती तितक्याच मायेनं बसेल. पण आपली जागा कोणती, हे तिला पक्कं माहीत असतं. घरटं पाच-सहा हात जरी सरकवलं, तरी उजेडात उठून ती जुन्या जागी जाईल आणि रिकाम्या जमिनीवर बसेल. अंडी बाजूला दिसत असली तरी.

मग तिला हलवायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. हलवावं लागतं, त्याला कारणं आहेत. कोंबडी आपली जागा आपल्या सोयीनं निवडते, आपल्या नव्हे. कधी ती कुंपणात बसते, तिथं मुंगूस येतं, साप येतो, भटकं कुत्रं येतं. कधी माळ्यावर बसते, तिथून पिल्लू खाली पडतं. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे, ज्या खुराड्यात सगळ्या कोंबड्या अंडी घालतात, तिथंच एकजण खुडूक होते. मग दुसऱ्या कोंबड्या तिला ढकलून तिच्याखाली रोज नवी अंडी घालतात. काही अंडी दहा दिवसांची, काही कालची. पहिली पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन उठते आणि बाकीची अंडी अर्धवट राहून वाया जातात. अशा वेळी तिला स्वतंत्र, शांत जागा द्यावीच लागते.

त्याची रीत अम्माकडून शिकलो आणि पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडूनही ऐकली. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

पहिली गोष्ट, नवी जागा आधी तयार ठेवायची. अंधारी, कोरडी, वर्दळ नसलेली खोली किंवा कोपरा. पसरट बुट्टी किंवा पाटी घ्यायची, फार खोल नको. खोल असली तर अंडी एकमेकांवर चढतात आणि कोंबडी उडी मारून आत आली की फुटतात. तळाशी माती किंवा राख, त्यावर पिंजर, मध्ये थोडा खळगा. जुन्या जागेतली मूठभर पिंजर नव्यात मिसळायची, पण आधी ती नीट बघून. त्यात लाल पिसवा असतील तर सगळीच जाळून टाकायची. या पिसवा दिवसा फटीत लपतात आणि रात्री बसलेल्या कोंबडीचं रक्त पितात. चांगली बसलेली कोंबडी अचानक उठून गेली, तर बऱ्याचदा दोष तिचा नसतो, पिसवांचा असतो.

दुसरी गोष्ट, हलवायचं ते रात्रीच. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती सुस्त असते आणि जिथं ठेवाल तिथं सकाळपर्यंत बसून राहते. मोठा दिवा नको, बोलणं नको. बॅटरीवर कापड धरून जेवढा लागेल तेवढाच उजेड. दोन्ही हात छातीखालून घालून, पंख अंगाशी दाबून तिला उचलायचं. उचलण्याआधी पंखाखाली आणि पायांत एखादं अंडं अडकलं आहे का, ते बोटांनी चाचपायचं. नाहीतर ते वाटेत पडून फुटतं.

तिसरी गोष्ट, जी घाईत सगळे विसरतात. नव्या जागी लगेच खरी अंडी ठेवायची नाहीत. आधी खोटी ठेवायची. नदीतले गुळगुळीत गोटे, प्लास्टिकचे चेंडू, दुकानात मिळणारी प्लास्टिकची अंडी, काहीही चालतं. कोंबडी वर बसवून त्यावर डालगं झाकायचं आणि वर गोणपाट टाकायचं. एक-दोन दिवस तिला बाहेर पडू द्यायचं नाही. दाणापाणी आत हाताशी ठेवायचं किंवा दिवसातून एकदा आपण समोर उभं राहून तिला उठवायचं आणि परत बसवायचं. दुसऱ्या दिवशी डालगं उचललं आणि ती गुरगुरत अंग फुगवून तिथंच दबून बसली, तर समजायचं की तिनं जागा आपली मानली. त्या रात्री गोटे काढून खरी अंडी ठेवायची, सगळी एकाच वेळी. गावठी कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. अंडी सात दिवसांच्या आतली, थंड जागी ठेवलेली, तडा न गेलेली हवीत. त्यांवर कोळशानं खूण करायची. म्हणजे दुसऱ्या कोणी मध्ये अंडं घातलं तर ओळखू येतं.

आणि उलट झालं तर? ती उभी राहून डालग्याच्या भोवती फिरत राहिली, बाहेर पडायला धडपडत राहिली, तर तिनं जागा मानलेली नाही. गोटे थंड झाले, आपलं काही गेलं नाही. तिला जुन्या जागी जाऊ द्यायचं किंवा दुसरी खुडूक शोधायची. म्हणूनच आधी गोटे ठेवायचे.

सातव्या दिवशी रात्री एकेक अंडं बॅटरीसमोर धरून बघायचं. जीव धरलेल्या अंड्यात मध्ये एक काळसर ठिपका आणि त्याभोवती लाल शिरांचं जाळं दिसतं, कोळ्यासारखं. रिकामं अंडं पिवळसर, स्वच्छ दिसतं. ते काढून टाकायचं.

पिल्लं नकोच असतील आणि कोंबडी खुडूक झाली असेल, तर गावाकडे तिच्या नाकात पीस खुपसतात, पाण्यात बुचकळतात. हे करू नये. त्यानं तिला फक्त यातना होतात. जाळीचा तळ असलेल्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवलं की खालून वारा लागतो, पोट थंड राहतं आणि तिची खुडूक बहुतेक वेळा मोडते.

टर्कीचीही रीत हीच, पण नियम अधिक कडक. सावंतवाडीकडचा माझा एक मित्र टर्की पाळतो. नाताळात गोव्यात त्यांना गिऱ्हाईक असतं. टर्कीची मादी गावठी कोंबडीच्या तिपटी-चौपटीनं जड. तिच्या अंड्यावर तपकिरी ठिपके असतात आणि पिल्लू निघायला २१ नव्हे, २८ दिवस लागतात. ती जमिनीवर, झुडपाआड बसते आणि जागेला कोंबडीपेक्षाही जास्त चिकटून असते. मित्रानं पहिल्या वर्षी तिला शेडमध्ये आणलं. सकाळी दार उघडताच ती चालत झुडपाकडे गेली. त्या खेपेची सगळी अंडी गेली. तेव्हापासून तो तिला हलवत नाही. ती जिथं बसेल तिथंच भोवती जाळी ठोकतो आणि वर पत्रा टाकतो. हलवायचीच असेल, तर रात्री, जमिनीवरच्या घरट्यात, अंधार करून, दोन-तीन दिवस बंद ठेवून आणि खाली गोटे ठेवूनच. टर्की एकदा बसली की खाण्यापिण्यासाठीही उठायला मागत नाही. म्हणून तिला रोज एकदा हातानं उठवावं लागतं. आणखी एक. कोंबड्या आणि टर्की एकाच आवारात ठेवू नयेत. कोंबड्यांच्या आतड्यातल्या बारीक जंतांबरोबर एक रोग पसरतो. कोंबडीला तो फारसा बाधत नाही, पण टर्कीचे जीव घेतो.

या पक्ष्याची गंमत अशी की तो मूळचा मेक्सिकोचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, पोर्तुगीज त्याला पेरू म्हणतात आणि तुर्कस्तानात त्याचं नाव आहे 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा. जो तो त्याला दुसऱ्याच्या गावचा म्हणतो. मला याचं हसू येतं, आणि थोडं आणखीही काही वाटतं. आपल्याकडेही तो चारशे वर्षांपूर्वी आला. १६१२ मध्ये मुकर्रब खान या सरदारानं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही नवलाच्या वस्तू आणि प्राणी नेले. त्यांत एक टर्की होती. बादशहानं आपल्या आठवणींत तिचं बारकाईनं वर्णन केलं, तिच्या डोक्यामानेचा रंग कसा बदलतो तेही लिहिलं. दरबारी चित्रकार मन्सूरनं काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता आमच्या कोनाड्याकडे परत येऊ. शुक्रवारी संध्याकाळी मी गावी पोचलो. अम्मा मागच्या भिंतीपाशी पोत्यावर बसली होती. भिंतीवर कोळशाच्या तेरा उभ्या रेघा होत्या, एका दिवसाला एक. अकरा अंडी बसवली होती, सातव्या दिवशी दोन रिकामी निघाली, नऊ उरली होती. नऊच्या नऊ अंड्यांत जीव होता.

अडचण ही होती की इथं गोट्यांची परीक्षा घ्यायला वेळ नव्हता. खरी अंडी दोन दिवस बाजूला ठेवली असती तर मेली असती. दुसरी खुडूक गल्लीत कुणाकडे नव्हती. मी अम्माला म्हटलं, "आज रात्रीच करू. म्हणजे उद्याचा अख्खा दिवस हातात राहील. नाहीच बसली, तर परवापर्यंत परत कोनाड्यात आणता येईल."

अम्मा बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दस बजे. लाइट बंद करके."

रात्री दहाला मावशींनी त्यांच्या मागच्या खोलीतला दिवा घालवला. बुट्टीत आम्ही आधीच राख आणि पिंजर घातली होती. वरची पिंजर कोनाड्यातलीच. अम्मानं बिस्मिल्ला म्हणून एकेक अंडं काढलं आणि फडक्यात गुंडाळून ओटीत घेतलं. मी कोंबडी उचलली. एका पंखाखाली एक अंडं होतंच. अम्मानं ते अलगद सोडवलं. भाऊ बॅटरी धरून पुढं. सगळा प्रवास चाळीस पावलांचा. बुट्टीत अंडी मांडली, कोंबडीला काठाशी ठेवली. तिला अंड्यांवर ठेवायचं नाही, असं अम्मा म्हणाली. ती आपल्या पायानं चढली पाहिजे. कोंबडी क्षणभर तशीच उभी राहिली. मग एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, अंग हलवून अंडी पोटाखाली घेतली आणि बसली. आम्ही डालगं झाकलं, गोणपाट टाकलं.

अम्मा त्याच खोलीत चटई टाकून झोपली. "रात में उठी तो?" म्हणाली. जुन्या घराबाहेरची तिची ती पहिली रात्र होती, हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नाही.

सकाळी सात वाजता तिनं मला हलवून उठवलं. दाराच्या फटीतून उजेड आला होता आणि कोंबडी उभी राहून डालग्यात फिरत होती. कुडूकुडू आवाज चालला होता. भाऊ म्हणाला, "परत नेऊया." अम्मानं हातानंच थांबवलं. तिनं दाराच्या फटीला जुनी चादर लावली, डालग्यावर आणखी एक पोतं टाकलं आणि आम्हाला बाहेर काढलं. अर्धा तास आम्ही ओसरीवर बसून राहिलो. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. कोंबडी स्वतः दाण्यापाण्यासाठी उठते तेव्हाही अंडी पंधरा-वीस मिनिटं उघडी असतातच; तेवढ्यानं आतला जीव जात नाही. पण किती वेळ? लहानपणच्या त्या खोक्यातली थंड अंडी मला हाताला जाणवत होती.

अम्मा आत जाऊन आली. "बैठी," म्हणाली.

दुपारी तिला दाण्यासाठी उठवलं, ते दार बंद ठेवून खोलीतच. तिनं खाल्लं, पाणी प्यायली आणि सरळ बुट्टीत गेली. रविवारी तसंच झालं. सोमवारी सकाळी जेसीबी आला. मागची भिंत एका धक्क्यात पडली, कोळशाच्या रेघांसकट. अम्मा ते बघायला बाहेर आली नाही. तिनं मावशींना विचारलं, तुमच्या भिंतीवर रेघा मारू का? मावशी म्हणाल्या, "मार की गं. चुन्याचीच भिंत ती." मावशींच्या पांढऱ्या भिंतीवर अम्मानं आधीच्या दिवसांसकट सगळ्या रेघा पुन्हा मोजून मारल्या.

नऊपैकी सात पिल्लं निघाली. दोन आतल्या आत मेली. ती हलवल्यामुळे मेली की तशीही मेली असती, ते सांगता येत नाही. अम्मानं सातांतली दोन मावशींना दिली.

दिवाळीनंतर नवं घर बांधून झालं. अम्माला तिकडे न्यायचं होतं. मी भावाला हळूच म्हटलं, रात्री नेऊ, तिची जुनी चटई आणि पेटी आधी नेऊन ठेवू. अम्मानं ऐकलं. "मैं क्या खुडूक हूं क्या? दिवसाच जाऊ, गल्लीला दिसू दे." आणि ती दिवसाच गेली. पण त्याआधी गवंड्याला सांगून नव्या मागच्या भिंतीत तिनं एक कोनाडा ठेवून घेतला होता, कोंबडीसाठी.

पुढच्या खेपेला तीच कोंबडी पुन्हा खुडूक झाली, तेव्हा नव्या कोनाड्याकडे तिनं बघितलंही नाही. कुंपणाखालून जाऊन ती मावशींच्या मागच्या खोलीत, बुट्टी होती त्याच कोपऱ्यात जाऊन बसली. मी फोनवर अम्माला विचारलं, हलवायला येऊ का?

"नको," अम्मा म्हणाली. "तिची जागा आता तीच."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)